आडनाव : क्रेव्हलू

फोंतरेद,
मंगळवार, सकाळ

प्रिय सोलेन,

पत्राच्या डोक्यावर तू 'मादाम' लिहिलंस. मादाम म्हणे! अगं, तुझं पहिलं दुपटं मी विणलंय, तुझा शेंबूड माझ्या एप्रनला पुसलाय. मी तुझी सख्खी आत्या आहे, आणि पुढच्या वेळी तसं लिहिलं नाहीस तर उत्तराची वाट बघू नकोस. तुझी आई गेली हे तुझ्या पत्रातूनच कळलं. कॉरीनचं आणि माझं कधी पटलं नाही, पण बातमी वाचून मी चुलीपाशी खुर्ची ओढून बसले ती बराच वेळ उठलेच नाही. तिनं तुला उचलून लियोंला नेलं आणि आपलं माहेरचं नाव दिलं, त्याचा मी कधी राग धरला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. का, ते पुढे येईलच.

तुला दिवस गेलेत, शरदात बाळ येणार, आणि बाळाच्या आधी तुला तुझं जन्माचं नाव परत हवंय, हे तुझ्या पत्राच्या दोन दिवस आधीच मला माहीत होतं. तू अर्ज आमच्याच मेअरच्या कचेरीत पाठवलास ना! तिथली बाई ते पोटात ठेवेल होय? सकाळी तिनं पावाच्या दुकानात सांगितलं, दुपारी गावभर झालं. कायदा म्हणे असा आहे की महिनाभर विचार करायचा, मग स्वतः येऊन कचेरीत 'हो' म्हणायचं, की झालीस तू क्रेव्हलू, आणि तुझं बाळही क्रेव्हलू. बरा कायदा आहे. त्या महिन्यातला विचार तू नीट करावास म्हणून मी हे लिहायला बसलेय, आणि मला लांबण लावल्याशिवाय लिहिता येत नाही, तेव्हा तू पाय वर घेऊन बस.

तू तीन गोष्टी विचारल्यास. हे नाव आलं कुठून, त्याचा अर्थ काय, आणि आज ते किती जण लावतात. आणि जाता जाता चौथी, की आपल्याकडे एक मोठा करडा कुत्रा होता का, कारण लहानपणी त्याच्या शेजारी बसून त्याचा मऊ कान धरल्याचं तुला आठवतं. तिन्हींचं आत्ता सांगते. चौथ्याचं धीर झाला की.

कॉम्प्युटरवर तुला फ्रान्सचा नकाशा दिसला, त्यात एकच टिंब, आणि खाली लिहिलं होतं 'अतिदुर्मिळ'. तू ते कौतुकानं कळवलंस. बाई गं, त्या टिंबात मी बसलेय. चुलीवर कोबीचं सूप आहे, खिडकीबाहेर वारा आहे, आणि मागे मेंढवाड्याच्या पडक्या भिंतीचे दगड पुन्हा रचणं चाललंय, त्याची खटखट लिहिताना ऐकू येते आहे. दुर्मिळ म्हणजे मौल्यवान असं कुणी सांगितलं तुला? मेंढ्यांची खरूजही आता दुर्मिळ झालीय, म्हणून ती कुणी मुद्दाम घरी आणत नाही.

अर्थ सोपा आहे. क्रेव्ह म्हणजे फोडणं, फाडणं. जनावर तडफडून मरतं त्यालाही आमच्याकडे तोच शब्द. लू म्हणजे लांडगा. लांडग्याचं पोट फाडणारा, तो क्रेव्हलू. लियोंच्या तुझ्या मैत्रिणींना ते ऐकायला गोड लागत असेल.

आलं कुठून, तर गिलेम नावाच्या एका मेंढक्याकडून. राजाच्या काळातली गोष्ट. त्याच्या बहिणीची मुलगी धुण्याच्या ओढ्यावरून लांडग्यानं नेली. शोधायला गेले तर लाकडी बूट सापडला, आणि बुटात पाऊल होतं. गिलेमनं डाव्या हाताला मेंढीचं कातडं गुंडाळलं, डुक्कर कापायचा सुरा घेतला आणि एका मेलेल्या मेंढीशेजारी बर्फात आडवा पडून राहिला. लांडगा आला तसा त्यानं डावा हात कोपरापर्यंत त्याच्या जबड्यात घातला आणि उजव्या हातानं त्याला खालून वर उसवला. कातडं फाटून बोटं गेली, तरी हात काढला नाही. आतडी बर्फावर पडून वाफाळत होती, आणि हा त्या वाफेत हात शेकत बसला होता, असं आमचे आजोबा सांगायचे, आणि सांगताना त्यांचे डोळे असे काही चमकायचे की मी सुपाचा चमचा खाली ठेवायचे.

मग रीत. ही नीट वाच, कारण सगळं हिच्यावरच येऊन थांबतं. आमच्या डोंगरात लांडगा मारणारा माणूस त्याला दांड्याला बांधून दारोदार फिरवायचा, आणि प्रत्येक घरानं त्याला अंडी द्यायची, डुकराच्या चरबीचा तुकडा द्यायचा, काहीच नसेल तर मूठभर लोकर. त्यानं एकही घर चुकवायचं नाही आणि एकाही घरानं नाही म्हणायचं नाही. जे घर देत नाही ते लांडग्याच्या बाजूचं. गिलेम बोटं तुटलेला हात फडक्यात बांधून सगळं गाव फिरला. रानाच्या कडेला गावातलं शेवटचं घर आहे. त्या घरचे म्हणाले, थंडीत कोंबड्या अंडी देत नाहीत, आमच्याकडे नाहीत. गिलेमनं त्यांचं दार फोडलं, खुराड्यात शिरून झाडून सगळ्या कोंबड्यांच्या माना पिरगळल्या, मधे पडलेल्या म्हाताऱ्याचा हात उंबऱ्यावर ठेवून मोडला, आणि घरी येऊन झोपला. त्या दिवसापासून त्याला लोक क्रेव्हलू म्हणायला लागले, समोर नाही, मागून. पुढे पाद्रीबुवांनी त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला तेच लिहिलं. झालं आडनाव! दर नाताळला ही कोंबड्यांची गोष्ट आमच्या घरी निघायची आणि पुरुष हसून हसून टेबल बडवायचे. बायका ताटं उचलायच्या.

आणि मग एका मेलेल्या लांडग्याच्या जिवावर या घराण्यातल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या मिशीला पीळ दिला. स्वतः काडीचं केलं नाही कुणी, पण बायकोच्या थोबाडीत मारताना म्हणायचं, क्रेव्हलू आहे मी! बाजारात कुणाचं डोकं फोडलं, की क्रेव्हलू आहे मी! तू विचारलंस, आज किती जण लावतात. या टिंबात राहतात तेवढेच. एवढे कमी कसे झाले? असेच. पहिल्या महायुद्धात सार्जंट हजेरीचा कागद वाचायचा, या नावापाशी थांबून हसायचा आणि म्हणायचा, "क्रेव्हलू? वा रे पठ्ठे! चल, तू पुढे हो." खंदकात सुरा घेऊन शिरायला आमचीच पोरं पुढे. गावच्या स्मारकावर ती एकाखाली एक कोरलीत. युद्ध संपल्याच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला, मेअर एकेक नाव वाचतो आणि गाव एका सुरात म्हणतं, "फ्रान्ससाठी मेला." आमच्या नावांपाशी आल्यावर मेअरला पाणी प्यावं लागतं. परत आले ते एकटे आमचे आजोबा, अर्धा जबडा तिकडेच ठेवून; त्यांचं बोलणं मग आम्हा घरच्यांनाच कळायचं. ते रबरी नळीनं सूप प्यायचे आणि चुलीतल्या लोखंडी सळईनं आजीला मारायचे. तिच्या पाठीवर सळईच्या रेघा होत्या. आंघोळीला मी तिला पाणी द्यायचे, म्हणून मला माहीत.

आता तुझा बाप. रेजिस माझ्याहून लहान, आणि मऊ. इतका मऊ की थंडीत जन्मलेलं कोकरू स्वेटरच्या आत घालून शाळेत न्यायचा. डुक्कर कापायच्या दिवशी तो गवताच्या माळ्यावर लपायचा. एकदा बाबांनी त्याला कॉलर धरून खाली आणलं आणि सगळ्यांच्या देखत त्याचं तोंड रक्ताच्या बादलीत दाबलं. "पी! नाव काय तुझं? सांग, नाव काय?" वर काढलं तेव्हा तो ओकत होता आणि ओकता ओकता नाव सांगत होता. सगळे हसले. एकटा जेरो हसला नाही. जेरो त्या शेवटच्या घरचा मुलगा, रेजिसच्या बाकावर बसणारा, एरवी मेल्या माणसालाही हसवेल असा टवाळ. त्यानं आपल्या टोपीनं रेजिसचं तोंड पुसलं. पुढे दोघांनी मिळून मेंढ्या घेतल्या, चीज विकलं, एकमेकांच्या लग्नात यथेच्छ प्यायले. तुझ्या बाप्तिस्म्याला तुला कडेवर घेऊन उभा होता तो जेरोच. तुझा धर्मपिता गं तो. तुझ्या आईनं हे तरी सांगितलं होतं का तुला?

लांडगे आमच्याकडे कधीचे संपले होते. मग तू चार वर्षांची असताना ते परत आले. सरकारनं म्हणे त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, मारलं तर तुरुंग. जूनच्या एका पहाटे रेजिस कुरणावर गेला आणि तिथून त्यानं जी हाक मारली, ती मी इथे या खिडकीत ऐकली. मेंढ्या फाडून टाकल्या होत्या. मेलेल्या बऱ्या, अर्ध्या जिवंत होत्या, आतडी मागे ओढत चालत होत्या, एकीच्या पोटातलं कोकरू बाहेर लोंबत होतं आणि ती उभी राहून चरत होती. चरत होती, सोलेन! रेजिसनं एकेकीचं डोकं मांडीवर घेऊन गळा कापला. ज्यानं जन्मात कोंबडी कापली नव्हती त्यानं. दुपारपर्यंत तो कोपरापर्यंत लाल झाला होता आणि डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. मला तेव्हाच भीती वाटली.

मग कॅफे. दुःखाच्या घरी चार दिवस गप्प बसतील तर ती माणसं कसली! "काय क्रेव्हलू, लांडगा येऊन जेवून गेला, तुम्ही बिल नाही का दिलं?" "नाव बदलून घे रे आता, मेंढीफाड्या लाव." बायकासुद्धा. पावाच्या दुकानात एकीनं मला विचारलं, "तुमच्यातला सुरा गंजला का हो?" रेजिस हसायचा, ग्लास संपवायचा, घरी यायचा आणि तुझ्या आईशी बोलायचा नाही. जेरो एकटा सांगत होता, अरे तारेचं कुंपण घालू, दोन मोठे कुत्रे आणू, नावाला काय चाटायचंय? पण नाव चाटतच नाही फक्त, चावतं.

सप्टेंबरात रेजिसनं लांडगा मारला. मादी होती. बंदुकीनं, सरळ छातीत, ओढ्यापाशी. शहाणा माणूस खड्डा खणून मोकळा झाला असता, आणि गावानंही डोळे मिटले असते, सरकारी माणसाला कुणी काही सांगितलं नसतं. पण आपला क्रेव्हलू ना! त्यानं ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकली आणि गावात आला, दारोदार फिरवायला. आणि गाव, बाई, गाव नुसतं वेडं झालं. म्हाताऱ्या रडत रडत अंडी घेऊन आल्या. वाइनच्या बाटल्या आल्या. कुणीतरी ॲकॉर्डियन आणलं. तू अंगणात उभी होतीस, तुझ्या बापानं तुला उचलून ट्रॉलीत बसवलं, तिच्या शेजारी. तू तिचा कान धरलास आणि सगळं गाव फिरलीस.

आपल्याकडे करडा कुत्रा कधीच नव्हता, पोरी.

शेवटच्या घरी पोचेपर्यंत पिऊन पिऊन रेजिस धड उभा नव्हता. मागे अर्धं गाव. जेरो दारात आला, बाह्या सारलेल्या, ट्रॉलीत वाकून बघितलं, आणि त्याला टवाळीशिवाय बोलता यायचं नाही हे तुला सांगितलंच आहे. तो म्हणाला, "ही? अरे, ही तर माझ्या सासूपेक्षा बारीक आहे! कोंबड्या आत घेऊ का रे रेजिस, की माना तूच पिरगळतोस?" सगळे हसले. इतके हसले की ॲकॉर्डियनवाला थांबला. मी तिथे होते, मी रेजिसचं तोंड बघितलं, आणि ते बादलीतून वर काढलेलं तोंड होतं. लांडगीची शेपटी कापायला घेतलेला सुरा त्याच्या हातातच होता. त्यानं तो खालून वर चालवला, गिलेमनं चालवला तसाच, जणू पोटात असतानाच शिकला होता. जेरो म्हणाला, "अरे, थांब." एवढंच. रागानं नाही, पाठीमागून चुकून कुणाचा धक्का लागल्यावर म्हणावं तसं. मग त्यानं दोन्ही हातांनी आपलं पोट धरलं आणि ते त्याला धरवेना.

तेवढ्यात रोझीन, त्याची बायको, आतून बाहेर आली. तिच्या हातात टोपली होती. टोपलीत अंडी होती. जेरो टवाळी करत होता ती रोझीन आतून अंडी आणेपर्यंत वेळ काढायला, समजलं तुला? 'नाही' असं कुणी म्हटलंच नव्हतं. अंडी येत होती. ती फरशीवर पडली, आणि त्यातून आणि रक्तातून रेजिस गुडघ्यांवर सरकत गेला, आणि जेरोचं डोकं मांडीवर घेऊन बसला, जूनमध्ये मेंढ्यांचं घेतलं होतं तसं. ट्रॅक्टर चालूच होता. तुला ट्रॉलीतून कुणी उतरवलं नव्हतं.

न्यायालयात न्यायाधीशानं नाव वाचलं, थांबला, आणि पुन्हा वाचलं. कॉरीन तोवर तुला घेऊन निघून गेली होती. तिनं तुला सांगितलं, बाप ट्रॅक्टरखाली मेला. फार खोटं नाही ते. त्या दिवशी तो जो होता तो तिथेच मेला. पण सोलेन, माणूस मेला नाही. तुझा बाप जिवंत आहे. शिक्षा भोगून तो माझ्याकडे आला, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ही बाहेरची खटखट त्याचीच. तो सुरीला हात लावत नाही. पाव मी कापून देते, मी नसले की हातानं तोडून खातो. गावात जात नाही. शेवटच्या घराकडे तोंड करून उभाही राहत नाही, म्हणून भिंतसुद्धा पाठमोरा रचतो, आणि वाकडी होते.

आता का लिहिलं ते. तुझ्या अर्जाची बातमी कळली तेव्हा तो मला म्हणाला, "सिदो, तिला लिही की नको घेऊ. हे माझ्याबरोबर जाऊ दे." मीही तेवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं, देवाशपथ, चार ओळी. आणि रविवारी प्रार्थनेनंतर दार वाजलं. रोझीन. इतक्या वर्षांत तिनं या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. केस पांढरे झालेत, कंबरेत वाकलीय. ती आत आली नाही, बसली नाही. तिच्या हातात टोपली होती, तीच, कडेला वेताची ठिगळं लावलेली. म्हणाली, "ऐकलं, आणखी एक क्रेव्हलू जन्माला येतोय. त्याला म्हणावं, आमच्या घरची द्यायची राहिली होती." आणि टोपली उंबऱ्यावर ठेवून गेली. रेजिस दारामागे उभा होता. मी ती चार ओळींची चिठ्ठी चुलीत घातली. पोरी, तू 'हो' म्हण की 'नाही' म्हण, मी सांगणार नाही. नाव काय आहे ते आता तुला माझ्याइतकंच माहीत आहे. पण कचेरीत जायला तुला या गावात यावंच लागेल. आलीस की आधी रोझीनच्या दारी जा, मग इकडे ये. टोपली टेबलावर आहे, तुझा बाप तिच्याकडे बघत बसतो, त्यातली अंडी फोडून खायची आम्हा दोघांची हिंमत नाही. आणि अंडी काही फार दिवस टिकत नाहीत गं. लवकर ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच
सिदोनी आत्या